बॅकयार्डमधलं तळं – लिली, कमळ, अळू थंडीत कसं जपायचं? (न्यू जर्सी)

तळ्याकाठी_एनजे

नमस्कार मंडळी, मध्य न्यू जर्सीत या वर्षी घर घेतलं आणि घराबरोबर मागच्या अंगणात आधीच्या मालकांनी केलेलं तळंही आलं. साधारण ८ बाय ६ फूट, सगळ्यात खोल जागी अडीच फूट, कडेला फूटभर खोलीची पायरी आहे. मासे सात-आठ गोल्डफिश आणि दोन छोटे कोई. उन्हाळाभर इतकं सुंदर दिसत होतं की आईबाबा पुण्याहून आले होते ते सकाळचा चहा रोज तिथेच घ्यायचे, पण आता ऑक्टोबर उजाडला, रात्री गारठा पडायला लागला आणि मला धास्ती वाटायला लागलीये कारण ह्यातलं नक्की काय जगतं आणि काय मरतं ते कळतच नाहीये.

झाडं अशी आहेत: एक गुलाबी लिली, एक निळी लिली (ही मी जूनमध्ये नर्सरीतून आणली), कमळाचा एक मोठा टब (ह्या वर्षी नुसती पानं, फूल एकही नाही), वर तरंगणारी जलपर्णी जी चार आणली होती ती आता अर्धं तळं भरून आहे, आणि कडेला कुंडीत अळू. अळू एका मैत्रिणीनं दिलेलं आहे खायचं, त्याच्या वड्या झाल्या दोनतीनदा. शिवाय उंच तलवारीसारख्या पानांचं काहीतरी आहे, पान चुरडलं की उग्र वास येतो.

शेजारी म्हणाले सगळं उपटून गराजमध्ये ठेव, नर्सरीवाला म्हणाला काहीच करू नकोस आपोआप येतं परत. दोघांचं एकदम बरोबर कसं असेल? कुणी इथल्या थंडीत तळं सांभाळलंय का? आणि एक मनातली गोष्ट, पुढच्या वर्षी गौरींना घरच्या तळ्यातलं कमळ वाहायचं आहे, ते शक्य आहे का तेही सांगा.

कुमुद_पीए

शक्य आहे, आणि फार अवघडही नाही. मी पेनसिल्व्हेनियात आहे, हवामान जवळपास तुमच्यासारखंच, घरी बरीच वर्षं तळं आहे. नर्सरीवाला तुमच्या गुलाबी लिलीपुरता बरोबर आणि शेजारी निळ्या लिलीपुरते बरोबर, कारण तुमच्या तळ्यात जी झाडं आहेत त्यातल्या प्रत्येकाची थंडीची गरज वेगळी आहे. काही बर्फाखाली पाण्यातच झोपतात, काहींना घरात घ्यावं लागतं आणि एखाद्याला मरू द्यायचं. एकाच नियमानं सगळ्यांना वागवलं की निम्मी झाडं जातात.

आधी पाण्याचं समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. पाणी ३९ फॅरनहाइटला म्हणजे ४ सेल्सियसला सगळ्यात जड असतं, त्यामुळे वर बर्फ धरला तरी तळाशी पाणी गोठत नाही, तिथं चाळिशीच्या आसपास राहतं. म्हणून हवेत किती थंडी आहे ह्यापेक्षा झाडाचा कंद किती खोल आहे हे महत्त्वाचं. तुमची फूटभराची पायरी जानेवारीत गोठू शकते, अडीच फुटांचा तळ इथं सहसा गोठत नाही.

गुलाबी लिली: पानाची कड गुळगुळीत असेल आणि फूल पाण्यावर टेकून बसत असेल तर ती हार्डी, म्हणजे थंडी सोसणारी. तिला पाला पिवळा पडेपर्यंत हात लावू नका. दोनचार वेळा फ्रॉस्ट (रात्री दव गोठतं ते) पडला की पानं कुजायला लागतील, तेव्हा ती कंदाच्या वर दोनतीन इंच ठेवून कापून टाका आणि कुंडी पायरीवरून उचलून सर्वांत खोल जागी ठेवा. झालं. खत ऑगस्टअखेरच बंद करायचं असतं, आता अजिबात घालू नका. ह्या हार्डी लिलींचे रंगीत संकर पहिल्यांदा फ्रान्समध्ये लातूर-मार्लियाक ह्यांनी केले, १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या लिली मांडल्या होत्या आणि पुढे मोने ह्या चित्रकारानं आपल्या जिव्हेर्नीच्या तळ्यासाठी त्यांच्याकडूनच झाडं मागवली. सांगायचं कारण एवढंच की ही झाडं मुळात थंड प्रदेशात टिकावीत म्हणूनच तयार झालेली आहेत, त्यांची काळजी नका करू.

निळी लिली: ही खरी जपायची. निळा रंग म्हटला की बहुतेक ट्रॉपिकल, म्हणजे उष्ण प्रदेशातलीच असते. पानाची कड दातेरी असेल आणि फूल देठावर पाण्याच्या वर चांगलं उभं राहत असेल तर शंकाच नको. ही तळाशी ठेवली तरी आपल्याकडे मरते. पण तिची एक चांगली सवय आहे, पाणी गार व्हायला लागलं की ती खाली मातीत कंद धरते, म्हणून घाईनं आताच काढू नका, एकदोन हलके फ्रॉस्ट पडू द्या. मग कुंडी बाहेर काढून गराजमध्ये पाणी निथळू द्या आणि हातानं माती मोकळी करत जा. वरचा मऊ गड्डा दिसेल, मुळांचा झुपका दिसेल, तो बाजूला केला की बरोबर त्याच्या खाली काळा, टणक, खडबडीत कंद लागतो, कधी सुपारीएवढा कधी अक्रोडाएवढा, कधी एकाच्या खाली दोनतीन. बोटांनी दाबून बघा, दबला तर टाकून द्या, टणक असेल तो ठेवा. नळाच्या धारेखाली स्वच्छ धुवायचा, सगळी जुनी मुळं चोळून काढायची कारण कुजणं तिथूनच सुरू होतं, एक दिवस सावलीत ठेवायचा आणि मग झिपच्या पिशवीत किंचित ओलसर वाळूत घालून बेसमेंटमध्ये ठेवायचा, ५५ फॅरनहाइटच्या आसपास जागा बघा. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथं फार गार होतं. महिन्यातनं एकदा उघडून बघत जा.

मार्चअखेरीस तो कंद काचेच्या बरणीत कोमट पाण्यात, उन्हाच्या खिडकीत. पाणी ७० च्या वर राहिलं पाहिजे. केसासारखा बारीक देठ वर येतो, त्याला तळहाताएवढी सुद्धा नसलेली लालसर पानं फुटतात आणि त्याच देठावर कंदापासून थोडं वर पांढरी मुळं दिसायला लागतात. ते पिल्लू मुळांसकट अलगद तोडून छोट्या कुंडीत लावायचं, कंद परत बरणीत, तो दुसरं पिल्लू देतो. तळ्यात मात्र पाणी ७० फॅरनहाइट झाल्याशिवाय नाही, म्हणजे आपल्याकडे मे संपता संपता किंवा जून. आधी टाकलं तर झाड रुसतं आणि पूर्ण उन्हाळा वाया जातो.

कमळाचं आणि अळूचं संध्याकाळी लिहिते, आता ऑफिसला निघायचंय.

शिकागोची_सुगरण

कुमुदताईंनी झाडांचं मस्त लिहिलंय, मी माशांचं लिहिते कारण झाडं वाचली आणि मासे गेले असं व्हायला नको. आमच्याकडे शिकागोच्या उपनगरात तुमच्यापेक्षा जास्त कडक थंडी, तळ्यावर हातभर नाही पण चांगला जाड बर्फ धरतो.

पहिलं काम आजच करा, तळ्यावर जाळी टाका. पानगळ सुरू झाली की मेपलची पानं तळ्यात पडतात, तळाशी कुजतात, कुजताना ऑक्सिजन खातात, विषारी वायू सोडतात आणि वर बर्फाचं झाकण बसलं की तो वायू बाहेर पडायला जागा राहत नाही. हिवाळ्यात मासे मरतात ते थंडीनं कमी आणि ह्यानं जास्त. म्हणूनच लिलीची पिवळी पानं, जलपर्णी सगळं वेळेत काढायचं.

दुसरं, बर्फात एक भोक उघडं राहिलंच पाहिजे. त्यासाठी तरंगणारा डीआयसर मिळतो, थर्मोस्टॅटवाला घ्या, तो पूर्ण तळं गरम करत नाही फक्त आपल्याभोवती गोल उघडा ठेवतो. कमी वॉटचे पण येतात, छोट्या तळ्याला १०० ते ३०० वॉट पुष्कळ, १५०० वॉटचा घेतलात तर जानेवारीचं वीजबिल बघून चक्कर येईल. कनेक्शन मात्र जीएफसीआय प्लगवरच (शॉक बसायच्या आत वीज तोडणारा), पाण्याजवळ तडजोड नाही. आणि सोबत एअर पंप लावला तर त्याचा बुडबुडे सोडणारा दगड तळाशी नका ठेवू, अर्ध्या खोलीवर ठेवा, नाहीतर तळाचं उबदार पाणी वर आणि वरचं गार खाली असं सगळं ढवळून निघतं, मासे तळाशी त्या उबेतच बसलेले असतात.

एखाद्या रात्री वीज गेली आणि भोक बुजलं तर हातोड्यानं बर्फ फोडू नका, कृपा करून. तो दणका पाण्यातून थेट माशांना बसतो. भांड्यात उकळतं पाणी घ्या, भांडं बर्फावर ठेवा, आपोआप वितळत खाली जातं. घट्ट धरून ठेवा किंवा दोरी बांधा.

खाणं: पाणी ६० फॅरनहाइटच्या खाली गेलं की व्हीटजर्मचं (गव्हाच्या अंकुराचं) हलकं खाणं, ५० च्या खाली गेलं की पूर्ण बंद, ते कितीही तोंड वर काढून मागू देत. त्या तापमानाला त्यांना पचत नाही. तळ्यासाठी दहाबारा डॉलरचा तरंगता थर्मामीटर घ्या, अंदाजावर नका जाऊ. कोई आहेत म्हणता, ते मोठे झाले की अडीच फूट त्यांना कमीच पडेल, तीनचार फूट हवं, पण यंदा छोटे आहेत आणि हवा सुरू ठेवलीत तर निघतील.

अजून एक, माशांसाठी कुणी मीठ घालायला सांगेल. पाण्यात झाडं आहेत तोवर जपून, माशांना चालणारं मीठ झाडांना चालत नाही, आजारी माशाला वेगळ्या टबात काढून मीठ द्यायचं.

डॅलसचा_दादा

जलपर्णीबद्दल एक गोष्ट. आमच्या टेक्सासमध्ये जलपर्णी आणि वॉटर लेट्यूस दोन्ही नुसती जवळ बाळगणं सुद्धा बेकायदा आहे, फ्लोरिडातही जलपर्णीला बंदी आहे. प्रत्येक राज्याची यादी वेगळी असते तेव्हा तुमच्या राज्याची यादी एकदा बघून घ्या आणि काहीही झालं तरी जास्तीची झाडं जवळच्या ओढ्यात किंवा लेकमध्ये सोडू नका. मासे पण नाही. लोक "मारवत नाही" म्हणून गोल्डफिश लेकमध्ये सोडतात, ते तिथं टोपलीएवढे होतात आणि तिथल्या मूळच्या माशांचं खातात.

रंकाळ्याकाठचा

मी कोल्हापूरचा, बर्फाचा आमचा काय संबंध नाही पण जलपर्णीचं नाव वाचून लिहितोय. आमच्याकडं ह्याला केंदाळ म्हणतात. पंचगंगेत बघा, रंकाळ्यात बघा, पुण्याला मुळा-मुठेत पवनेत इंद्रायणीत बघा, दरवर्षी मशीन लावून, माणसं लावून काढायला लागतंय आणि परत पाऊस संपला की हिरवीगार चादर. खाली पाण्याला ऊन नाही हवा नाही, डासांचा त्रास वेगळाच, मासेमारी करणाऱ्याचं जाळं पाण्यात जात नाही. मूळचं हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, जांभळं फूल देखणं म्हणून माणसांनीच जगभर नेलं. अनुकूल हवेत दोन आठवड्यांत दुप्पट होतंय. तुमच्या चाराचं अर्धं तळं झालं ते म्हणूनच.

तुमच्याकडं थंडीनं मरतंय हे चांगलंच आहे की, मरू द्या. ते घरात दिवा लावून जगवायच्या भानगडीत पडू नका. ज्या झाडानं आमच्या नद्या अडवल्या त्याच्यासाठी कुणी बेसमेंटमध्ये हीटर लावावा हे माझ्या मनाला पटत नाही, स्पष्ट लिहितो. पाण्याला सावली पाहिजे तर लिलीची पानं आहेतच.

कुमुद_पीए

कोल्हापूरच्या दादांशी मी शंभर टक्के सहमत. शिवाय घरात ती नीट जगतही नाही, तिला कडक उजेड, उबदार पाणी, दमट हवा लागते, बहुतेक फेब्रुवारीपर्यंत काळी पडते. पहिल्या कडक फ्रॉस्टच्या आधी सगळी जाळीनं काढा, कारण एकदा गोठली की तिचा लगदा होतो आणि तो हाताला न लागता तळाशी जातो. काढताना बादलीत मुळं हलवून घ्या, गोल्डफिशची पिल्लं त्या मुळांत लपलेली असतात. पाण्यापासून लांब उन्हात वाळवून कंपोस्टमध्ये घाला, खत उत्तम होतं. तिच्या जागी हॉर्नवर्ट ही पाण्याखाली वाढणारी वनस्पती सोडा, ते थंडी आली की टोकाला घट्ट कळ्या करून स्वतःच तळाशी जातं आणि वसंतात परत वर येतं, काही करावं लागत नाही.

आता कमळ. कमळ ट्रॉपिकल लिलीसारखं नाजूक नाही, त्याचा कंद फक्त गोठता कामा नये. पानं पूर्ण तपकिरी आणि वाळकी होईपर्यंत थांबा. हिरवा देठ पाण्याखाली कधीही कापू नका, हे लक्षात ठेवाच. कमळाचा देठ कापून बघा, आत लांबच लांब पोकळ नळ्या असतात, कमळकाकडीच्या चकतीत दिसतात तशीच भोकं, त्यातून हवा खाली कंदापर्यंत जाते. हिरवा असताना पाण्याखाली कापला तर हवेच्या जागी पाणी उतरतं आणि कंद सडतो. वाळल्यावर पाण्याच्या वर चारपाच इंच ठेवून कापा आणि टब खोल जागी सरकवा. टब जड असतो, दोन माणसं घ्या. टब खाली जात नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे वरचं पाणी ओतून टाकून चिखल ओला ठेवून तो न गोठणाऱ्या गराजमध्ये ठेवायचा, ३५ ते ४५ च्या मधे. घरात उबेला आणू नका, तो जानेवारीतच जागा होतो आणि उजेडाविना दमतो.

फूल का आलं नाही ह्याची कारणं बहुधा तीन. ऊन कमी पडतंय का बघा, सहा तास थेट ऊन हा कमीत कमी हिशोब. टब चौकोनी आहे का? कमळाची मुळं कडेनं पळत जातात आणि कोपऱ्यात अडकून गुदमरतात, गोल टब हवा आणि त्याला खाली भोक नको. आणि खत. एप्रिलमध्ये कंद बाहेर काढून वाटणी करा, जड चिकणमाती घ्या (पॉटिंग मिक्स नको, ते तरंगतं), कंद आडवा ठेवून वर एक सपाट दगड, पण कोंबाला चुकूनही धक्का लावू नका, टोक मोडलं की तो कंद गेला. पाण्याच्या वर उभं राहणारं पहिलं पान आलं की तिथून खताच्या गोळ्या मातीत खोचायला सुरुवात करा. पाणी उथळ ठेवा, सुरुवातीला चारपाच इंच, म्हणजे लवकर तापतं, कमळाला ८० च्या वरचे बरेच आठवडे सलग लागतात तेव्हा कुठे कळी येते.

उग्र वासाची तलवारीसारखी पानं म्हणजे जवळपास नक्की वेखंड, इथं नर्सरीत स्वीट फ्लॅग म्हणून विकतात. ते बर्फात सुद्धा जागचं हलत नाही, वाळकी पानं कापा आणि विसरून जा. आपल्याकडे बाळगुटीत घालतात म्हणून सांगते, इथं १९६८ पासून खाद्यपदार्थांत त्याच्या वापराला बंदी आहे, तेव्हा ते तळ्याची शोभा म्हणूनच ठेवा.

तळ्याकाठी_एनजे

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून फ्रीजवर लावलंय. आज जाळी टाकली आणि जलपर्णी उपसली, खरंच मुळांत माशांची तीन पिल्लं निघाली! निळ्या लिलीची पानं बघितली, कडा दातेरी आहेत. गुलाबीच्या गुळगुळीत. वेखंडाचा वास बाबांनी फोनवर वर्णनावरून आधीच ओळखला होता. कमळाचा टब चौकोनीच आहे.

दोन शंका राहिल्या. अळूचं काय करू, आणि गौरी कधी ऑगस्टअखेर येतात कधी सप्टेंबरच्या मध्यावर, तर कमळ तेव्हा हाताशी असेल असं कसं जमवायचं?

मिसिसागा_मावशी

अळूचं मी सांगते, आमच्याकडे दर वर्षी होतं. पहिल्या हलक्या फ्रॉस्टनं पानं काळी पडली की देठ दोनतीन इंच ठेवून कापायचे, अळकुड्या उकरायच्या, माती झटकायची, धुवायच्या नाहीत, गराजमध्ये वर्तमानपत्रावर आठवडाभर कोरड्या होऊ द्यायच्या आणि खोक्यात सुक्या पीट मॉसमध्ये (कुजलेल्या शेवाळाचा भुसा) ५०-५५ फॅरनहाइटला. त्याआधी शेवटची कोवळी पानं उतरवून घ्या, वड्यांचे उंडे वाफवून फ्रीजरमध्ये छान राहतात. एक कुंडी मात्र मी घरातच ठेवते दक्षिणेच्या खिडकीत, खाली पाण्याची थाळी, हिवाळ्यात महिन्याला चारपाच पानं देते, तेवढी फदफद्याला होतात.

दोन गोष्टी पाळा. तळ्यात शेवाळ मारायचं औषध घातलं असेल तर त्या पाण्यावरचं अळू खायचं नाही. आणि नर्सरीत एलिफंट इअर म्हणून काळ्या-जांभळ्या पानांचे जे प्रकार मिळतात ते शोभेचे, त्यांच्या भानगडीत पडू नका, घसा धरतो. मैत्रिणीनं दिलेल्या अळकुड्यांवर नावाची चिठ्ठी लावून वेगळ्या खोक्यात ठेवा म्हणजे मार्चमध्ये गोंधळ नको. चिंच तर घालायचीच.

कुमुद_पीए

गौरींचं: इथं कमळाचा मुख्य बहर जुलै ते ऑगस्ट. गौरी ऑगस्टअखेर असतील तर ताजं फूल मिळायची चांगली आशा, सप्टेंबरच्या मध्यावर असतील तर बहर ओसरलेला असतो, तेव्हा फूल मिळेलच असं धरू नका, पण शेंगा नक्की असतील आणि हार्डी लिली तोवर फुलत असतात. बहर लांबवायचा तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत खत चुकवू नका आणि शेंगांपुरती सोडून बाकी वाळकी फुलं काढत जा. एक फूल तीनचार दिवसच टिकतं, पहिल्या दिवशी थोडंसं उघडून दुपारी मिटतं, म्हणून वाहायचं असेल त्या दिवशी पहाटे पहिल्यांदाच उमलणारी कळी काढायची. तिसऱ्या दिवशीचं फूल हात लावताच पाकळ्या टाकतं.

आणि वाटणी केल्यावर पहिल्या वर्षी कमळ कधीकधी फूल देत नाही. म्हणून एप्रिलमध्ये दोन गोल टब करा, एकात नवा लावा आणि दुसऱ्यात जुन्याचा मोठा, दोनतीन पेरांचा अख्खा तुकडा लावा, तो त्याच वर्षी फुलायची शक्यता जास्त. उन्हाळ्यात जमलं तर पेनसिल्व्हेनियात केनेट स्क्वेअरला लाँगवुड गार्डन्स ही मोठी बाग आहे तिथं जाऊन या, तुमच्यापासून दोनेक तासांवर असेल. तिथल्या लिलीच्या तळ्यांत हार्डी, ट्रॉपिकल, कमळ सगळं शेजारी शेजारी बघायला मिळतं, आणि त्यांचा १९६१ चा स्वतःचा व्हिक्टोरिया ह्या महाकाय लिलीचा संकर पण आहे, काठ वळलेल्या परातीसारखी प्रचंड पानं. पानांच्या कडा प्रत्यक्ष बघितल्या की नर्सरीत पाटी चुकीची असली तरी तुम्ही फसणार नाही.

टब गोल घ्या, दोन फूट व्यासाचा आणि फूटभर खोल. आत्ता थंडीत गार्डन सेंटरला बागेचं सामान सेलवर असतं, आताच घेऊन ठेवा.

तळ्याकाठी_एनजे

शनिवारीच जाते. अळकुड्यांचं खोकं आणि चिठ्ठी तयार आहे मावशी, फ्रॉस्टची वाट बघतेय.